पाणी कुठे मुरतं?

आयर्लंडमधल्या गॉलवे शहरातून पश्चिमेला निघालं की उपसागर डाव्या हाताला ठेवून रस्ता जात राहतो. बार्ना, मग ना फोरबाखा, मग अन स्पिजेल. आपला डोळा गाव शोधत असतो: वेस, देऊळ, पार, घराला घर टेकलेली आळी. तसं काही लागत नाही. एक घर, मग गडग्यानं वेढलेलं कुरण, मग पुन्हा एक घर. गाव कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं हे पाटी सांगेल तेवढंच. गडगा म्हणजे काय हे कोकणातल्या माणसाला समजावून सांगायला नको. जांभ्याच्या जागी ग्रॅनाइट, एवढाच फरक.

गावठाण नसलेलं गाव, असं वहीत लिहिलं आणि दुसऱ्याच दिवशी खोडावं लागलं.

*

कारण पूर्वी गावठाणासारखं काहीतरी होतं. ‘क्लाखान’ म्हणत त्याला. नात्यागोत्यातल्या कुटुंबांची दहावीस घरं एका ठिकाणी गोळा झालेली, आणि भोवतालच्या जमिनीत प्रत्येकाचे तुकडे इकडेतिकडे विखुरलेले. १८९१ साली सरकारनं पश्चिम किनाऱ्यासाठी एक मंडळ स्थापलं. गर्दी फार आणि जमीन अपुरी अशा भागांचं दारिद्र्य हटवणं हे त्याचं काम. त्या मंडळानं आणि पुढे लँड कमिशननं तुकडे एकत्र करून प्रत्येकाला सलग पट्टी दिली आणि ज्याच्या त्याच्या पट्टीवर ज्याचं त्याचं घर. तेव्हा ती सुधारणा होती.

आज त्यांच्याच नातवंडांना सरकारी नियोजनकार सांगतात की सुटी घरं बांधू नका, एकत्र राहा.

*

गेलताख्त म्हणजे आयरिश भाषा बोलली जाते म्हणून कायद्यानं आखलेला प्रदेश. सात काउंट्यांत विखुरलेला आहे: डोनेगल, मेयो, गॉलवे, केरी, कॉर्क, वॉटरफर्ड, मीथ. १९२६ साली एका आयोगानं नकाशा काढला, १९५६ साली हद्दी नव्यानं ठरल्या, आणि नंतरच्या किरकोळ भरींखेरीज त्या तशाच राहिल्या. हद्द जागेवर आणि भाषा मागे सरकतेय, त्यामुळे गॉलवे शहराची काही उपनगरंही आज कागदोपत्री गेलताख्तमध्ये मोडतात.

२०२२च्या जनगणनेत गेलताख्तची लोकसंख्या १,०६,२२० भरली. सहा वर्षांत सुमारे ७ टक्क्यांची वाढ. शाळेबाहेर रोज आयरिश बोलणारे २०,२६१. सहा वर्षांपूर्वी ते २०,५८६ होते. म्हणजे माणसं वाढली आणि बोलणारे तेवढेच, किंचित कमीच. गाव ओस पडून भाषा जाते असं आपण सहसा समजतो. इथे काही ठिकाणी गाव भरता भरता ती जाते आहे. तरी दोन्ही गोष्टी एकाच काउंटीत घडू शकतात. शहराजवळचं बार्ना फुगतं, आणि तासाभराच्या अंतरावरच्या वाडीत शाळेचा पट घसरतो.

*

आता घर बांधण्याआधीच्या खड्ड्याविषयी.

खेड्यात स्वतःच्या जमिनीवर घर बांधायचं तर मैलापाण्याची सोय स्वतः करावी लागते, कारण सार्वजनिक गटार नसतं. सेप्टिक टँक किंवा त्याहून सुधारित यंत्रणा, आणि तिथून बाहेर पडणारं पाणी मातीत मुरवायचं. माती ते मुरवून घेईल का, यासाठी चाचणी असते. खड्डा खणायचा, आधी पाणी ओतून भिजवून ठेवायचा, मग पुन्हा भरून पातळी ठरावीक उतरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजायचं. फार लवकर उतरली तर पाणी न गाळताच भूजलात जाणार, फार हळू उतरली तर अंगणात तुंबणार. दोन्हीकडून नापास. २०२१ साली याची नवी नियमावली आली.

गॉलवेच्या पश्चिमेला, कॉनमाऱ्यात, खाली ग्रॅनाइट आणि वर पीटची दलदल. पाणी उतरायला तयार नसतं. त्यात मोठमोठे दलदलीचे पट्टे युरोपीय कायद्याखाली संरक्षित अधिवास आहेत. बापाची जमीन आहे, मुलगी शिकून परत आली आहे, घरात आयरिश बोलणारी दोन पोरं आहेत आणि अर्ज खड्ड्यात अडकला आहे, ही तिथली ठरलेली कहाणी.

‘कुठेतरी पाणी मुरतंय’ असं आपण संशयानं म्हणतो. तिथे ते कुठेच मुरत नाही, हीच तक्रार.

*

नियमाची बाजूही लिहून ठेवायला हवी. युरोपीय न्यायालयानं २००९ साली आयर्लंडला सेप्टिक टँकांकडे दुर्लक्ष केल्याबद्दल दोषी धरलं होतं. खेड्यातल्या विहिरी खरोखर दूषित होतात. त्यानंतर २०१२ साली प्रत्येक टाकीची नोंदणी सक्तीची झाली, फी ५० युरो. खेडोपाडी एवढा आरडाओरडा झाला की वेळेत नोंदवणाऱ्यांना ती ५ युरोंवर आणावी लागली.

आणि तरीही हे एक मनातून जात नाही. अन ख्याहरू रुआ हे कॉनमारा गेलताख्तमधलं मोठं गाव, इंग्रजी नकाशावर कॅरारो. तिथलं सार्वजनिक मैलापाणी वर्षानुवर्षं प्रक्रियेविना थेट समुद्रात जात आलं. एका घराच्या टाकीसाठी घड्याळ, अख्ख्या गावाच्या गटाराला भरती-ओहोटी.

*

खड्ड्यावरून सुचलेलं. मातीची मुरवण्याची ताकद मोजतात. वस्तीची मोजता येईल का? शंभर आयरिशभाषक घरांच्या वाडीत दहा इंग्रजीभाषक घरं आली तर वर्षभरात त्यांची मुलं खेळताखेळता आयरिश उचलतील. चाळीस आली तर खेळाची भाषाच बदलेल. कुठल्या आकड्याला?

याचं उत्तर द्यायचा एक प्रयत्न २००७ साली झाला. सरकारनंच करवून घेतलेल्या मोठ्या भाषिक पाहणीत म्हटलं होतं की रोज बोलणाऱ्यांचं प्रमाण ६७ टक्क्यांच्या खाली गेलं की समाजाची भाषा म्हणून आयरिशचा तोल सुटतो. त्याच पाहणीत असंही होतं की असंच चाललं तर सगळ्यांत भक्कम भागांतसुद्धा ती पंधरा-वीस वर्षांपलीकडे समाजाची भाषा म्हणून टिकणं कठीण. २०१५च्या पुढच्या अहवालानं ती मुदत दहा वर्षांवर आणली.

म्हणजे घड्याळ आहे. फक्त बांधकाम परवान्याच्या फायलीत ते कुणी लावत नाही.

*

१९७१. जॅक फिट्झसिमन्स नावाच्या मीथमधल्या गृहस्थांनी घरांच्या नकाशांचं एक पुस्तक स्वतःच काढलं: ‘बंगलो ब्लिस’. आर्किटेक्टची फी परवडत नाही अशांनी पुस्तकातला नकाशा निवडायचा, गवंड्याला दाखवायचा, घर उभं. आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. पुढे १९८७ साली ‘आयरिश टाइम्स’मध्ये फ्रँक मॅक्डोनाल्ड यांनी याच घरांवर कडाडून लेखमाला लिहिली आणि तिला नाव दिलं ‘बंगलो ब्लिट्झ’. शहरातल्या सुशिक्षितांना निसर्गाचं वाटोळं दिसत होतं. पावसात गळणाऱ्या घरात वाढलेल्यांना कोरडी भिंत आणि आतला संडास दिसत होता. मी दुसऱ्या बाजूचा.

‘बंगला’ हा शब्द बंगालमधून इंग्रजीत गेला, तिथून अटलांटिकच्या काठावर. आयरिशमध्येही तो ‘बुंगलो’च आहे. बंगाली भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चटर्जींना हसू आलं असतं.

*

‘तुम्ही इथलेच कशावरून?’

बऱ्याच काउंट्यांच्या आराखड्यांत खेड्यात सुटं घर बांधण्यासाठी स्थानिक गरज सिद्ध करावी लागते. शाळेचा दाखला, चर्चमधली नोंद, गावच्या हर्लिंग-फुटबॉल क्लबचं पत्र, बापाच्या सातबाऱ्याचा तिथला अवतार. आपल्याला यात नवल नाही. महाराष्ट्रात १९४८च्या कूळकायद्याच्या कलम ६३मुळे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, आणि शेतकरी असल्याचा दाखला मिळवण्यासाठी काय काय उद्योग होतात ते सगळ्यांना ठाऊक आहे.

पण युरोपात अडचण वेगळी. युरोपीय आयोगानं २००७ सालीच आयर्लंडकडे या अटीबद्दल विचारणा केली होती. मग फ्लेमिश प्रकरण आलं. बेल्जियममधल्या फ्लँडर्सनं २००९ साली कायदा केला: काही गावांत घर किंवा जमीन घ्यायची तर त्या गावाशी पुरेसा संबंध हवा, उदाहरणार्थ सहा वर्षं सलग वास्तव्य. २०१३ साली युरोपीय न्यायालयानं तो मुक्त संचाराच्या तत्त्वाविरुद्ध ठरवला. तेव्हापासून आयरिश नियोजनकार ‘स्थानिक’ हा शब्द फार जपून उच्चारतात.

मला वाटतं या धक्क्यानं गेलताख्तचं एका परीनं भलंच झालं असतं. जन्माची अट गेली की भाषेची अट उरते, आणि ती जास्त न्याय्य आहे. जन्म बदलता येत नाही, भाषा शिकता येते. वाडीत जन्मलेला पण मुलांशी इंग्रजीत बोलणारा, आणि डब्लिनहून आलेला पण घरात आयरिश बोलणारा, यांत भाषेला कोण हवा? उत्तर सोपं आहे, पण ग्रामसभेत उभं राहून देण्यासारखं नाही.

*

‘इथलेच कशावरून’ यावरून एक आडनाव आठवलं. लिओ वराडकर २०१७ ते २०२० आणि २०२२ ते २०२४ असे दोनदा आयर्लंडचे पंतप्रधान झाले. वडील डॉ. अशोक वराडकर मालवणजवळच्या वराडचे. मुलगा डब्लिनचा, इंग्रजीत वाढलेला, मोठेपणी शिकवणी लावून आयरिश शिकलेला. २०१९ सरता सरता पंतप्रधान म्हणून वराडला येऊन गेला.

त्यांच्या सरकारच्या काळात, २०१८ साली, राष्ट्रीय नियोजन आराखडा आला. शहरांच्या प्रभावक्षेत्रातल्या खेड्यांत सुटं घर हवं तर आर्थिक किंवा सामाजिक गरज दाखवा, असं त्यात आहे. आडनावातच गावाचा पत्ता घेऊन फिरणाऱ्या माणसाच्या कारकिर्दीत हे व्हावं, याची मला गंमत वाटली. ‘कर’ लावलं की वराडशी असलेली गरज पिढ्यान्‌पिढ्या सिद्ध.

*

भाषेची अट प्रत्यक्षात कशी चालते? २००० सालच्या नियोजन कायद्यानं गेलताख्त असलेल्या काउंट्यांना बजावलं की विकास आराखड्यात तिथल्या भाषिक आणि सांस्कृतिक वारशाच्या रक्षणाची उद्दिष्टं हवीत. त्या आधारानं बिल्डरच्या परवानगीला अट जोडली जाते: अमुक हिस्सा घरं आयरिश बोलणाऱ्यांनाच विकायची. गॉलवेत ही अट सहसा १५ वर्षांची.

आता प्रश्न मोजा. परीक्षा कोण घेणार? नवरा बोलतो, बायको बोलत नाही, मग? घर घेणाऱ्यानं विकलं तर? भाड्यानं दिलं तर? घर घेताना उत्तम बोलला आणि दुसऱ्या दिवसापासून घरात इंग्रजी सुरू, तर शिपाई पाठवणार का?

खरं म्हणजे पाठवत असत. १९३३पासून गेलताख्तमध्ये घरची भाषा आयरिश असलेल्या शाळकरी मुलांमागे वर्षाला २ पाउंड अनुदान मिळे. निरीक्षक येऊन मुलांशी बोलून पाहत. त्या काळच्या कॉनमाऱ्यात २ पाउंड ही थट्टा नव्हती. योजना अठ्ठ्याहत्तर वर्षं चालली, शेवटी वर्षाला २६० युरोंपर्यंत आली आणि २०११ साली आर्थिक पडझडीत बंद झाली. १९२९पासून घरबांधणीच्या अनुदानासाठीही गेलताख्तला स्वतंत्र कायदा होता. पैसे देऊन, घरी जाऊन, पोरांना प्रश्न विचारून भाषा मोजायची सवय त्या राज्याला नवी नाही. ती सवय मोडल्यावर आता पुन्हा लावायची आहे, आणि या वेळी हातात अनुदानाऐवजी नकार आहे.

*

मीथची गोष्ट. ही थोडी लांबेल.

मीथ म्हणजे डब्लिनजवळची सुपीक काउंटी, गुरांच्या कुरणांची, आणि तिथे आयरिश केव्हाच संपलेली. १९३५ साली लँड कमिशननं कॉनमाऱ्यातली २७ कुटुंबं उचलून अथबॉयजवळच्या रा खार्न इथे वसवली. प्रत्येकाला घर आणि सुमारे २२ एकर जमीन, मोठ्या जमीनदारांच्या फोडलेल्या इस्टेटींतली. यासाठी झालेल्या चळवळीत पुढे ज्यांचं नाव आयरिश गद्यात सगळ्यांत मोठं झालं ते मार्तिन ओ काइन होते, तेव्हाचे गावातले मास्तर. दगडातून माती उकरून बटाटे लावणाऱ्यांना एकदम काळी जमीन. मीथमधल्या भूमिहीनांना ते रुचलं नाही, आणि ते समजण्यासारखं आहे. आपल्या दारातली जमीन परक्या बोलीच्या माणसांना का?

दोन वर्षांनी, १९३७पासून, त्याच मीथमध्ये बाल्या ग्युब इथे दुसरी वसाहत झाली. फरक एवढाच की इथली कुटुंबं वेगवेगळ्या काउंट्यांतून आणलेली. केरीचा आयरिश, डोनेगलचा आयरिश, मेयोचा आयरिश. डोनेगलची आजी आणि केरीची आजी एकमेकींशी बोलायला लागल्या की अडखळायच्या, आणि मधली भाषा इंग्रजी तर सगळ्यांनाच थोडी थोडी येत होती. रा खार्नमध्ये सगळे एकाच मुलखातले, एकाच बोलीचे, पुष्कळसे एकमेकांचे सोयरे. तिथे भाषा मुरली. बाल्या ग्युबमध्ये ती तितकी मुरली नाही. दोन्ही ठिकाणी सरकार तेच, माती तीच, पाऊस तोच.

रा खार्नला अधिकृत गेलताख्त म्हणून मान्यता मिळाली १९६७ साली. सरकारनंच वसवलेल्या वस्तीला सरकारनं ओळखायला बत्तीस वर्षं लावली.

मी या दोन गावांपाशी परत परत येतो. कोण कोणाच्या शेजारी राहील हे ठरवण्याचं धाडस तेव्हा राज्यानं केलं, आणि आजचे अधिकारी त्याबद्दल शब्दही काढायला तयार नाहीत.

*

१९५३च्या नोव्हेंबरात केरीतलं ग्रेट ब्लास्केट बेट रिकामं केलं. शेवटचे बावीस जण. बरेचसे समोरच्या किनाऱ्यावर, डून खीनच्या परिसरात, स्थिरावले. डून खीनमध्ये आज खिडकीतून बेट दिसेल अशा जागेला सुट्टीच्या घरांचं गिऱ्हाईक आहे.

*

उन्हाळ्यात देशभरातली हजारो मुलं आयरिश शिकायला गेलताख्तमध्ये तीन आठवडे राहायला येतात. वसतिगृहात थोडी, बाकी लोकांच्या घरी. घरच्या बाईला ‘बॅन अ ती’ म्हणतात, शब्दशः घरची बाई. ती जेवू घालते, पलंगांच्या रांगा लावते आणि इंग्रजी ऐकू आलं की दटावते. यासाठी घर मोठं लागतं, आणि घरातल्या बाईला आयरिश यावं लागतं. असं एक घर विकलं गेलं, की एक सबंध वर्गखोली गेली. जाहिरातीत ते ‘समुद्रदर्शन, पाच शयनगृहं’ असं येतं.

*

पाट्या बदलणं सोपं. २००४च्या आदेशानं गेलताख्तमधल्या गावांची इंग्रजी नावं कायद्यातून गेली. केरीतल्या पर्यटकप्रिय डिंगलचं ‘अन डॅंगन’ झालं. धंद्यावर परिणाम होईल म्हणून गावकरी चिडले आणि २००६ साली मतदान घेतलं. दोन्ही भाषांतल्या नावाच्या बाजूनं १००५, विरोधात ७०. नावासाठी इतकं झगडलेल्या त्या गावात तरुण जोडप्याला वर्षभर भाड्यानं घर मिळत नाही, कारण ते उन्हाळ्यात रात्रीच्या दरानं जातं.

*

ऊदरास ना गेलताख्ता. ‘ऊदरास’ म्हणजे प्राधिकरण. १९८०पासून गेलताख्तच्या विकासाची जबाबदारी याच्याकडे, आणि विकास म्हणजे मुख्यतः रोजगार. कारखाने आले, आता दूरस्थ काम करणाऱ्यांसाठी डिजिटल केंद्रं आली. पण पूर्वीच्या कारखान्यांनी शिकवलेला धडा असा, की नोकरीच्या ओढीनं इंग्लंडहून परतलेल्यांबरोबर इंग्रजीभाषक बायकामुलंही आली. नोकरी देणं त्यांच्या अखत्यारीत, घरबांधणी मात्र काउंटी कौन्सिलचं खातं. स्वतःच्या जमिनी, गाळे, इमारती बाळगणाऱ्या संस्थेनं घरं बांधून थेट आयरिशभाषक कुटुंबांना भाड्यानं द्यावीत, हे मला सरळ वाटतं. मालकी संस्थेची राहिली की पंधरा वर्षांनी अट संपण्याचा प्रश्न राहत नाही. या संस्थेचं मंडळ लोक निवडून देत असत. २०१२च्या कायद्यानं तेही बंद केलं.

*

२०२३. ‘आयर्लंडच्या बेटावर राहायला जा, सरकार ८४ हजार युरो देतं’, ही बातमी जगभर फिरली, फॉरवर्ड होत होत आपल्याकडेही पोचली. मूळ योजना अशी: किनाऱ्याशी पुलानं न जोडलेल्या बेटांवरचं पडीक, मोडकळीला आलेलं घर विकत घेऊन दुरुस्त करायचं, मग दुरुस्तीसाठी ८४ हजारांपर्यंत अनुदान. व्हिसा नाही, घर फुकट नाही, पैसे हातात नाहीत. त्यातली काही बेटं गेलताख्तमधली. तिथं जाऊन कुठली भाषा बोलायची, हे बातमीत कुठेच नव्हतं.

*

वेल्समध्ये २०२२पासून राहतं घर, दुसरं घर आणि पर्यटकांना देण्याचं घर असे तीन निरनिराळे वापर नियोजनात मानले जातात, आणि २०२३पासून कौन्सिलांना दुसऱ्या घरावर ३०० टक्क्यांपर्यंत जादा कर लावता येतो. आयरिश मंडळी वेल्सकडे बघून उसासे टाकतात. वेल्सची मंडळी रा खार्नविषयी वाचून.

*

शेताच्या फाटकावर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कागद खिळलेला असतो. नियोजनाच्या अर्जाची नोटीस. अर्जदाराचं नाव, काय बांधणार, मैलापाण्याची कोणती यंत्रणा. पाच आठवडे ती तिथे राहायला हवी. कुणालाही २० युरो भरून हरकत नोंदवता येते, शेजाऱ्याला आणि दोनशे किलोमीटरवरच्या संस्थेलाही. कागद पांढरा असतो. पण त्याच जागेवर सहा महिन्यांच्या आत दुसऱ्यांदा अर्ज केला तर कायद्यानं तो पिवळा लागतो.

म्हणजे रस्त्यानं जाताना कळतं. पांढरा दिसला तर अमक्याची मुलगी घर बांधतेय. पिवळा दिसला तर पहिल्या खेपेला काहीतरी अडलं होतं, बहुधा तो खड्डाच. कॉनमाऱ्यात पाऊस आडवा येतो, प्लास्टिकच्या आत शिरतो, शाई पसरते. अक्षर वाचता येईनासं झालं तर अर्जदारानं नवा कागद छापून पुन्हा लावायचा, असाही नियम आहे. पिवळ्याच्या जागी पिवळाच.